या वयात तीन वर्षं भाड्याच्या घरात?

पत्र (थोडक्यात): "सदाशिव पेठेत आमची १९७८ सालची सोसायटी आहे. खाली दुकानं आणि पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. माझं वय ७६, हिचं ७२. हिचे दोन्ही गुडघे गेलेत, आठवड्यातून एकदाच खाली उतरते. आता पुनर्विकासाचं चाललंय. सेक्रेटरींच्या ओळखीचा बिल्डर 'तीस टक्के जादा जागा आणि घरभाडं' म्हणतोय. मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याचं म्हणणं, आहे तसा फ्लॅट विकून टाका आणि तळेगावकडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलात घर घ्या, या वयात तीन वर्षं भाड्याच्या घरात कशाला काढता? ही मात्र पेठ सोडायला तयार नाही. काय करावं?" — स. पे., पुणे ३०

काका, नमस्कार.

फ्लॅट आत्ता विकू नका आणि तळेगावला घरही आत्ता घेऊ नका. पुनर्विकासाला संमती द्या, पण करारात खाली सांगतोय ती कलमं घालून घ्या. इमारत पाडल्यापासून नवं घर मिळेपर्यंत बिल्डर जे भाडं देईल, त्यातले तीन-चार महिने त्याच ज्येष्ठ संकुलात भाड्याने राहून बघा. तुम्ही कुठे राहता याच्याशी बिल्डरला देणंघेणं नसतं, भाडं त्याला द्यावंच लागतं. मुलाला ज्या तीन वर्षांची भीती वाटते, तेवढ्यात काकूंचा आणि मुलाचा वाद आपोआप निकाली निघेल. काकूंना तिकडे करमलं, तर नवा फ्लॅट लिफ्टसकट, भोगवटा प्रमाणपत्रासकट (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) विका. आजच्या लिफ्ट नसलेल्या फ्लॅटपेक्षा त्याला गिऱ्हाईकही बरं मिळेल आणि भावही. नाही करमलं, तर घर आहेच.

मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्याचा हिशोब एकाच बाजूचा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले वाडे पडले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पेठापेठांतून वाड्यांच्या जागी तुमच्यासारख्या बिनलिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या. तिशीत आलेली माणसं तिथेच पंच्याहत्तरीला पोचली. न ठरवता ते ज्येष्ठांचं संकुलच झालं, फक्त आत लिफ्ट नाही. उलट शहराबाहेरच्या संकुलात सगळे साठी-पासष्टीला एकदम राहायला येतात, आणि पंधरा वर्षांनी सगळेच एकदम ऐंशीचे होतात. व्यवस्थापन समितीवर काम करायला धडधाकट माणूस मिळत नाही, मदतनीस मात्र प्रत्येकालाच हवा असतो. पेठेत निदान किराणा पोचवणारा पोरगा, खालचा केमिस्ट आणि घरी येणारा डॉक्टर वेगवेगळ्या वयांचे असतात. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, त्याला लिफ्ट आहे. काकूंना घराच्या जिन्याने अडवलंय. पेठेने अडवलेलं नाही.

आता बिल्डर. "सेक्रेटरींच्या ओळखीचा" हे शब्द वाचून आम्ही जरा थांबलो. ओळखीचा असायला हरकत नाही, पण त्याने रांगेतून यावं. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयात सोसायट्यांच्या पुनर्विकासाची पद्धत घालून दिलेली आहे. आधी सभासदांनी विशेष सर्वसाधारण सभा मागायची, मग वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा. (या सल्लागारालाही महापालिकेसारखंच पीएमसी म्हणतात, त्यामुळे पुण्यात सभेत नेहमी गोंधळ उडतो.) त्याने व्यवहार्यता अहवाल द्यायचा, त्यावरून निविदा मागवायच्या, आणि सहकार खात्याच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर, चित्रीकरण करून बिल्डर निवडायचा. दुकानं सोडून तुमच्या सोळा सभासदांचं गणित असं: सभा मागायला एक-पंचमांश, म्हणजे चार सह्या. गणपूर्ती दोन-तृतीयांश, म्हणजे अकरा माणसं. बिल्डरच्या निवडीला एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के, म्हणजे नऊ जणांची लेखी संमती.

नऊ जण 'हो' म्हणाले की उरलेल्या सातांचं अडवून धरणं सहसा टिकत नाही, न्यायालयं जागा रिकामी करायला लावतात. त्यामुळे तुमचं बोलणं ऐकलं जाईल ते निविदा निघण्याआधी. नंतर फक्त सही उरते. आधीच चार ज्येष्ठ सभासदांनी मिळून एक पानाचं पत्र द्या आणि त्यातल्या मागण्या निविदेच्या अटींतच घालायला लावा.

व्यवहार्यता अहवालात पहिली नजर रस्त्याच्या रुंदीवर टाका. तुमच्यासमोरचा रस्ता ९ मीटरच्या आत भरत असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) वापरता येत नाही, आणि मग 'तीस टक्के जादा' कुठून येणार हे बिल्डरला कागदावर मांडून दाखवू द्या. अरुंद गल्लीत फुगवलेली ऑफर देऊन काम मिळवायचं, नकाशा मंजूर होईना झाला की कमी जागेवर तडजोड करायची, हा प्रकार पेठांमध्ये नवीन नाही. रुंदी विकास आराखड्याच्या नकाशावर बघा. दारात फूटपट्टी लावून ठरवू नका, रस्तारुंदीत तुमची थोडी जागा जाणार असेल तर तेही तिथेच कळेल.

मग 'तीस टक्के' कशावर? तुमच्या खरेदीखतात बहुधा बिल्ट-अप, म्हणजे भिंती धरून क्षेत्र लिहिलेलं असेल. समजा ६५० चौरस फूट आहे आणि आतून मोजलं तर कार्पेट ५२० भरतं. ५२० वर तीस टक्के म्हणजे ६७६. पण त्या ६७६ मध्ये बाल्कनी आणि कपडे वाळत घालायची ड्राय बाल्कनी धरली, तर खोल्यांना ६०० च्या आसपास उरतं, आणि तुम्हाला वाटलेली जादा बेडरूम गायब होते. रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. तेव्हा जुनं घरही त्याच व्याख्येने मोजून घ्या आणि करारात "रेरा कार्पेट, बाल्कनी वगळून" हे शब्द आकड्यासोबत लिहून घ्या. टक्केवारी नको, चौरस फूट आणि चौरस मीटर दोन्ही हवेत. मोजणी सगळ्या सोळा घरांची एकाच दिवशी, एकाच वास्तुविशारदाकडून व्हावी, म्हणजे पुढे शेजाऱ्याशी भांडण नको.

भाड्याच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. तुमच्या वयाच्या माणसाला फसगत इथे सोसत नाही. भाडं "बांधकाम पूर्ण होईपर्यंत" असं लिहिलं असेल तर ते खोडा. "भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा दिल्यानंतर एक महिन्यापर्यंत" असं हवं. "चोवीस महिने आणि सहा महिने सवलतीचा काळ" अशा वाक्यात त्या सहा महिन्यांचं भाडं मिळतं का, हे उघड लिहिलेलं असावं. शासननिर्णयात मुदत दोन वर्षं, अपवादात्मक परिस्थितीत तीन. तुम्ही घरचा हिशोब तीनवर करा. भाडं वर्षाच्या सुरुवातीला पुढच्या तारखांच्या चेकने, दरवर्षी ठरावीक टक्के वाढ, दोन्ही वेळचा सामान हलवायचा खर्च, आणि दलाली एकदा नाही तर प्रत्येक वेळी घर बदलावं लागल्यास. प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी शासननिर्णयात आहेच. ती सोसायटीच्या हातात पडल्याशिवाय कोणी किल्ली देऊ नये.

किल्ली देण्याआधी आणखी तीन कागद हवेत. नोंदणी झालेला विकसन करार, तुमच्या स्वतःच्या नव्या फ्लॅटचा नोंदणीकृत करार, आणि महापालिकेची बांधकाम परवानगी. यातलं तिसरं बहुतेक जण विसरतात. बिल्डर म्हणतो, घरं रिकामी झाली की परवानगी लगेच मिळते. मिळत नाही, आणि दारं-खिडक्या काढलेली इमारत पावसाळे खात उभी राहते. परवानगीनंतर ४५ किंवा ६० दिवसांच्या लेखी नोटिशीने घर सोडायचं असं कलम घाला. तुमच्या वैयक्तिक कराराच्या मुद्रांकाबद्दल: फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की विकसन करारावर मुद्रांक भरलेला असेल तर जुन्याच्या बदल्यात मिळणाऱ्या जागेवर पुन्हा मुद्रांक नको, तुम्ही पदरचे पैसे घालून जादा जागा विकत घेतली तर तेवढ्यावर लागतो. जीएसटी कोणाचा, हेही बिल्डरच्या नावावर लिहून घ्या.

आता भाड्याचं घर. पेठेतच, सध्याच्या घरापासून पाचशे मीटरच्या आत, आणि तळमजला नाहीतर लिफ्ट. अकरा महिन्यांचा करार करू नका. दर अकरा महिन्यांनी बाडबिस्तरा उचलणं तुम्हाला जमणार नाही. तेहतीस महिन्यांचा नोंदणीकृत भाडेकरार होतो. त्यात मालकाला मुदतीआधी घर मागता येणार नाही आणि तुम्हाला मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीने सोडता येईल, असं लिहा. शोधायला आत्ताच लागा, कारण सोळा कुटुंबं एकदम बाहेर पडली की गल्लीतली लिफ्टवाली घरं आठवड्यात संपतात. माळ्यावरचं आधी उतरवा. ते निवडायलाच एक उन्हाळा जातो, आणि ते काम शेवटच्या महिन्यात केलं की घरात कोणाची तरी पाठ धरते.

नव्या घराचा नकाशा बिल्डर सगळ्यांना एकच दाखवतो, पण भिंती उठायच्या आधी बदल फुकटात होतात. बाथरूमचं दार साधारण ७५० मिमी देतात. ते ९०० मागा, वॉकर किंवा चाकाची खुर्ची जायला तेवढं लागतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. माणूस आत पडला तर बहुतेक वेळा दारालाच टेकून पडतो, आणि आत उघडणारं दार मग बाहेरच्याला ढकलता येत नाही. कमोडजवळ आणि शॉवरजवळ धरायच्या दांड्या फरशीपासून ८५० ते ९०० मिमी उंचीवर बसतील, पण त्यांचं खरं काम भिंतीत आहे. हल्ली आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा स्क्रू माणसाच्या वजनाने उपटून येतो, आणि दांडी हातात घेऊन माणूस खाली. त्या दोन जागी भरीव विटा किंवा काँक्रीटचा पट्टा आत्ताच मागून ठेवा, दांडी नंतर लावलीत तरी चालेल. बाथरूमच्या दारातला उंबरठा काढून उताराने पाणी आत ठेवायला सांगा; ही गोष्ट गवंड्याला आवडत नाही, तेव्हा करारातल्या यादीत घाला. कमोडची बैठक ४५० मिमीच्या वर. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, आणि त्याचं बटण पलंगावरून हाताला येईल असं.

लिफ्टसाठी सोसायटीने एकत्र भांडावं. आठ माणसांच्या लिफ्टची आतली खोली साधारण ११०० मिमी असते. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर जवळपास दोन मीटर. म्हणजे आजारी माणसाला खुर्चीत बसवून, नाहीतर चादरीत गुंडाळून जिन्यावरून न्यावं लागतं, अगदी आजच्यासारखंच. दोन लिफ्टपैकी एक स्ट्रेचर मावेल अशी मागा, तिला जनरेटर, आणि ती रस्त्याच्या पातळीला थांबली पाहिजे. पार्किंगच्या मजल्यावरून पुढे पाच पायऱ्या उतराव्या लागल्या तर सगळं फुकट. जागा कमी म्हणून पेठांत यांत्रिक पार्किंग देतात. त्याचा देखभालखर्च दर महिन्याला सगळ्यांवर बसतो, गाडी नसलेल्यावरसुद्धा. बिल्डर सोसायटीला जो कॉर्पस (देखभालीसाठीचा ठेव-निधी) देतो त्याचं व्याज या वाढलेल्या खर्चाला पुरेल का, हे सल्लागाराकडून आकड्यांत मागा.

मजल्याची चिठ्ठी टाकायच्या आधी सभेत ठराव करून घ्या की पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना खालचे मजले आधी निवडू द्यावेत. पार्किंगच्या वरचा पहिला-दुसरा मजला घ्या. उजेड कमी, डास जास्त, गणपतीत दहा दिवस ढोल कानात, हे सगळं खरं. पण लिफ्ट बंद पडली तरी काकू घरी पोचतील.

एक नाजूक गोष्ट. तीन वर्षांत तुमच्या दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर काय, हे बिल्डर विचारत नाही आणि घरात कोणी बोलत नाही. नॉमिनी हा मालक नसतो, वारस ठरेपर्यंत तो घर सांभाळणारा असतो. दोघांनीही मृत्युपत्र करा आणि त्यात "सध्याची सदनिका तसंच पुनर्विकासात तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका, भाडं आणि इतर रक्कम" असे शब्द घाला. नुसता जुन्या फ्लॅटचा क्रमांक लिहिला तर पाडलेल्या घराचं मृत्युपत्र हातात राहतं. फ्लॅट एकाच्याच नावावर असेल तर वैयक्तिक करारात दोघांची नावं येतील का ते वकिलांना विचारा. मुलाच्या नावाने आत्ता बक्षीसपत्र करू नका. करायचंच झालं तर सांभाळ करण्याची अट त्यातच लिहा, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं. मुलाचंही नाव फ्लॅटवर असेल आणि तो तिकडून मुखत्यारपत्र पाठवणार असेल, तर ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. हे राहिलं की नोंदणीच्या दिवशी सगळी सोसायटी ताटकळते.

तळेगावच्या संकुलात राहायला जाल तेव्हा उन्हाळ्यात जाऊ नका. जुलैत जा. पाऊस, लाइट गेलेली, पाहुणा येत नाही, तेव्हा खरं कळतं. रात्री अकराला नर्स कुठे असते ते स्वतः जाऊन बघा; 'चोवीस तास वैद्यकीय सेवा' म्हणजे कधी कधी फक्त सुरक्षारक्षकाच्या टेबलावरचा फोन असतो. इस्पितळ किती किलोमीटर हे विचारू नका, संध्याकाळी सातला किती मिनिटं लागतात ते विचारा. मग करार मागा आणि तीन कलमं शोधा. माणूस अंथरुणाला खिळला तर तिथेच ठेवतात की घर सोडायला सांगतात. सेवाशुल्क दरवर्षी किती वाढवता येतं: आठ टक्क्यांनी वाढलं तर नऊ वर्षांत दुप्पट होतं, म्हणजे तुम्ही पंच्याऐंशीला असाल तेव्हा. आणि तुमच्यानंतर मुलाला ते घर वापरता येतं का, की वयाची अट पूर्ण करणाऱ्यालाच विकावं लागतं, आणि त्या विक्रीतून संकुलवाले किती कापून घेतात. २०२४ मध्ये महारेराने निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, दारांची रुंदी, जिने, बाथरूम यांचे निकष घालून दिले. तुमचा प्रकल्प त्याआधीचा असेल तर टेप घेऊन जा.

मुलाला हेही सांगा: फ्लॅट विकून आलेला दीर्घकालीन नफा दुसरं घर विकत घेतलं तर करातून सुटतो, पण परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर राहायला देणाऱ्या संकुलात पैसे भरले तर ती घरखरेदी धरली जात नाही. अशीही संकुलं असतात. सही करण्याआधी सीएला कराराचा मसुदा दाखवा, नुसतं माहितीपत्रक नको.

सगळं सुरळीत झालं तरी इमारत पाडायला वर्ष-दीड वर्ष सहज जाईल, तोवर जिन्याच्या चोपन्न पायऱ्या आहेतच. तुमच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा असणार. भिंतीच्या बाजूला दुसरी दांडी या महिन्यात बसवून घ्या. सोसायटीचा ठराव होईपर्यंत थांबू नका, तुमच्या तीन मजल्यांपुरता खर्च स्वतः करा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर टेकायला एक घडीचं स्टूल ठेवा. काकूंना सांगा, चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. आठवड्यातून दोनदा खाली आल्या, तर नकाशावर सही करायला त्याही सभेला येतील, आणि बाथरूमच्या दाराबद्दल त्याच जास्त नीट बोलतील.